कोपरा कापलेले कार्ड

एका पोस्टकार्डाचे तुकडे पोलीस ठाण्याच्या खिडकीखालच्या नालीतून वाहत चालले होते, आणि ते ज्या बाईचे होते ती टेबलापलीकडे उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, दोनदा निलंबनाच्या दारापर्यंत जाऊन आलो. पण त्या सकाळइतका ओशाळलो नाही. ही हकिगत लिहावी की नाही, याबद्दल बरीच वर्षे मनाची तयारी होत नव्हती. नावे कोणाचीच देणार नाही. माझी चूक मात्र जशी झाली तशी देतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी नागपुरातल्या एका ठाण्यात नवा उपनिरीक्षक होतो. वडील कापड गिरणीत, आई बिड्या वळायची. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ठाण्यात बोलताना मी पुस्तकातली भाषा बोलायचो आणि हवालदार मिशीत हसायचे.

मार्च महिना होता. हजेरी नुकतीच संपली होती. बाई आत आली ती थेट माझ्या टेबलाशी. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातांना कोपरापर्यंत मिरचीचा लालसर रंग बसलेला. मी तिला ओळखत होतो. उत्तर नागपुरातल्या आमच्याच वस्तीत तिचे कांडप होते. अकरा बाया तिच्याकडे उखळात मसाला कांडायच्या. खाकी कागदाच्या पाकिटावर सुपाचे चित्र असायचे, म्हणून कुही, उमरेड, मौद्यापर्यंत लोक त्याला 'सुपाचा मसाला' म्हणायचे. चित्राखाली तिचे संपूर्ण नाव छापलेले असे, आडनावासकट. त्या काळी आमच्यातली माणसे खाण्याच्या वस्तूवर आडनाव छापत नसत. तिने छापले होते, आणि तरी मसाला खपत होता.

"साहेब, माह्या मसाल्याची बदनामी करून राहिले कोणीतरी," ती म्हणाली. "दुकानदाराईले कार्डं येऊन राहिले. हे एक मी घेऊन आली."

तिने पदराच्या गाठीतून पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिले. मी वाचले. निळ्या शाईत, ठळक अक्षरात लिहिले होते:

'तुमच्या दुकानातील सुपाचा मसाला खाऊन माझ्या धाकट्या भावाचा मुलगा वारला. धंतोलीच्या दवाखान्यात नेला, वाचला नाही. दुसऱ्याच्या लेकराचे पाप डोक्यावर घेऊ नका. मसाला कोणाच्या हातचा आहे ते पाकिटावर वाचा. एक दुःखी काका.'

कार्डाचा उजवा कोपरा तिरपा कापलेला होता.

तरुण वाचकांना हे सांगायला हवे. फोन घरोघरी नव्हते तेव्हा मयताची बातमी पोस्टकार्डाने कळवत. अशा कार्डाचा एक कोपरा कापत, म्हणजे घेणाऱ्याला वाचण्याआधीच कळे. आणि वाचून झाले की ते कार्ड फाडून घराबाहेर टाकायचे, घरात एक क्षणही ठेवायचे नाही, अशी रीत. लहानपणी मी आईला हे करताना कितीदा पाहिले होते.

मी कार्ड वाचले, उभा राहिलो, त्याचे बारीक तुकडे केले आणि खिडकीतून बाहेर टाकले. हे करताना माझ्या मनात काहीच नव्हते. हात आपोआप चालले. तुकडे नालीच्या पाण्यात पडले तेव्हा मला कळले की मी पुरावा नष्ट केला.

छप्पन साली आईवडिलांबरोबर मीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. जुन्या रीती सोडल्या, असे आम्ही सगळे म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो. डोके बदलले होते. हात बदलला नव्हता.

बाई हळू आवाजात म्हणाली, "कुहीचा दुकानदार ते कार्ड फाडून राहिला होता साहेब. त्याच्या हातातून हिसकून आणलं मी. एस.टी.त पदराले गाठ मारून बसली. आन् तुम्ही इथं आणून फाडलं."

हवालदार माझ्या मदतीला धावले. "साहेबानं बराबर केलं ना बाई. असलं कार्ड ठाण्यात कायले ठेवाचं?"

"हवालदार, तुमच्या कपाटात मुडद्याईचे फोटो ठेवता तुम्ही. अन् कार्डाले भेता?"

मी तिला बसायला सांगितले आणि तक्रार लिहून घेतली. मसाल्याचे दिवस फेब्रुवारी ते मे. घरोघरी वर्षाचा मसाला याच दिवसांत भरतात. पंधरा दिवसांत सतरा दुकानांनी तिचा माल परत केला होता. हा हंगाम गेला की पुढच्या हंगामापर्यंत त्या अकरा बायांना काम नव्हते, आणि पुढच्या हंगामात तिचे नाव कोणी दुकानात ठेवेल याची खात्री नव्हती.

ठाणे दैनंदिनीत मी लिहिले: 'तक्रारदार बाईने हजर केलेले पोस्टकार्ड माझ्या हातून फाडले जाऊन नष्ट झाले.' खाली सही केली.

दुपारी निरीक्षक साहेबांनी बोलावले. जुन्या मध्यप्रांतातले अधिकारी, बोलण्यात अधूनमधून हिंदी. स्वभावाने वाईट नव्हते.

"ये क्या लिख के रखा है? कोणी विचारलं होतं तुला?"

"जे झालं ते लिहिलं साहेब."

"कॉलेजात हेच शिकवतात काय? खोड ते. लिही की कार्ड हजर केलंच नाही."

"खोडणार नाही साहेब. तिनं हजर केलं होतं."

साहेबांनी दैनंदिनी बाजूला सारली. "बरं. अब्रुनुकसानी अदखलपात्र. आपल्याला हात लावता येत नाही. एन.सी.ची पावती दे आणि कोर्टाचा रस्ता दाखव." बाई दाराशीच उभी होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "एक सांगू बाई? पाकिटावर सूप राहू द्या. आडनाव काढा. लोक सूप बघून घेतात, आडनाव बघून सोडतात. मी काही वाईट सांगत नाही."

"वाईट नाही सांगून राहिले तुम्ही, मले समजते," ती म्हणाली. "पण साहेब, आज आडनाव काढलं तर कार्ड खरं ठरते. लोक म्हणतील, पाहा, लपवलं. माह्या मसाल्यानं कोणी मेलं नाही. मग मी काहून मेल्यावाणी करू?"

संध्याकाळी मात्र साहेबांनी दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागणाऱ्या अर्जावर सही केली. आदेश चार दिवसांनी आला.

पहिल्यांदा मी धंतोलीतले दवाखाने पालथे घातले. मोठे, छोटे, एकाच खोलीतले. मसाला खाऊन दगावलेले मूल एकाही नोंदवहीत नव्हते. एका वृद्ध डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारले, "अहो, मुलाचं नाव काय?" ते मला ठाऊक नव्हते. ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मग एका शिपायाला घेऊन एस.टी.ने कुहीला गेलो. ज्याच्या हातून बाईने कार्ड हिसकले होते तो दुकानदार गल्ल्यावर बसला होता.

"तुमच्याकडे आणखी एखादं कार्ड आलं होतं का?"

"आलं ना. दुसरं आलं परवा."

"कुठं आहे?"

"फाडलं. घरात लेकरं हायेत बाप्पा."

"त्यात लिहिलेलं खरं वाटतं तुम्हाला?"

"मी कुठं खरं-खोटं पाहाले जाऊ? गिऱ्हाईक येते, म्हणते त्या मसाल्यानं पोट्टं मेलं. कोणाचं पोट्टं, ठाऊक नाही. कोणत्या गावचं, ठाऊक नाही. पण मेलं, हे सगळ्याईले ठाऊक."

तिथून उमरेडला गेलो. तिथल्या दुकानांत एकाऐवजी दोन मुले मेली होती. मौद्यात एका म्हाताऱ्याने मला खात्रीने सांगितले की आईसुद्धा गेली. अकरा दुकाने फिरलो. सगळ्यांना कार्ड आले होते. सगळ्यांनी फाडले होते. ज्याने कोणी ते लिहिले त्याची हुशारी तेव्हा मला कळली. कापलेल्या कोपऱ्याने त्याची दोन कामे झाली होती. बातमी खरी वाटली, आणि पुरावा लोकांनी आपल्याच हातांनी नाहीसा केला. त्यात एक हात पोलिसांचा होता.

कुहीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा बाजाराच्या तोंडाशी घोळका दिसला. मध्ये बाई बसली होती. तीन दगडांची चूल, त्यावर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्याचा रस्सा उकळत होता, शेजारी तिच्या पाकिटांची रास. पाकीट सगळ्यांसमोर फोडायची, मसाला गंजात टाकायची, वाटीभर रस्सा भाकरीशी खायची. अकरापैकी दोघी तिच्याबरोबर होत्या. त्याही खात होत्या.

"घ्या गा, चाखून पाहा. फुकट हाय."

कोणी पुढे येत नव्हते. एक जण मागून म्हणाला, "तू खाऊन दाखवशील वं बाई. पण मेलेलं लेकरू उठणार हाय काय?"

बाईने वाटी खाली ठेवली. "त्या लेकराचं नाव सांग भौ. गाव सांग. आत्ता उठते, त्याच्या मायपाशी जाते आन् तिच्या पायावर डोकं ठेवते. सांग नाव."

तो माणूस मागच्या मागे सरकला. तरी त्या दिवशी कोणी मसाला घेतला नाही. संध्याकाळी तिने चूल विझवली, गंज घासला, आणि एस.टी.च्या टपावर सामान चढवताना मला म्हणाली, "पुढल्या बाजाराले पुन्हा येतो आम्ही. पाहू ते थकतात की मी."

परतीच्या वाटेवर मी तिच्या मागच्या बाकावर बसलो होतो. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मी विचारले, "दुकानं सोडून आणखी कोण घेतं मसाला?"

"घेते ना. तुमचं वसतिगृह. तुम्ही खाल्ला तिथं चार वर्षं, विसरले काय?"

विसरलो नव्हतो. ते लक्षातच आले नव्हते. कॉलेजची चार वर्षे मी त्या वसतिगृहात काढली होती. रोजची आमटी त्याच मसाल्याची. मी मात्र फक्त दुकानांची यादी घेऊन फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहात गेलो. तिथले व्यवस्थापक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणायचो, ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर ती जुनी तार होती. खाली लाकडी ठोकळा, वर आकडा, आणि आलेले प्रत्येक पत्र त्यात खोचलेले. आम्ही विद्यार्थी असताना त्या तारेवरूनच आमची पत्रे मिळायची.

"गुरुजी, गेल्या महिन्यात एखादं कोपरा कापलेलं कार्ड आलं होतं का?"

"आलं होतं. कोणाच्या तरी पुतण्याचं. मसाल्याबद्दल काहीतरी मूर्खासारखं लिहिलं होतं."

"काय केलंत त्याचं?"

"काय करायचं? तारेवर असेल."

त्यांनी तार काढून मांडीवर घेतली, वरची पत्रे सरकवली आणि कार्ड माझ्यासमोर धरले. तेच अक्षर, तीच निळी शाई, तिरपा कापलेला कोपरा, मधोमध तारेचे भोक.

"फाडलं नाहीत?"

गुरुजींनी चष्मा काढला. "काहून फाडू? मरण काय कार्डात बसलेलं असते काय गा? तुले काय शिकवलं होतं मी?"

मी मान खाली घातली आणि ठाण्यात काय केले ते त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. थोडे हसले, आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता पंचनामा कर नीट."

दोन पंच बोलावून कार्ड जप्त केले. पत्ता वाचताना माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले. वसतिगृहाच्या नावाखाली लिहिले होते, 'भोजनगृह, मागल्या फाटकाजवळ'. पोस्टमन मागच्या फाटकाने कधीच येत नसे. रस्त्यावरून ते फाटक दिसतसुद्धा नाही. त्या फाटकाने यायचे फक्त लाकूडवाला, भाजीवाला, आणि सायकलवरून मसाल्याच्या पिशव्या आणणारा बाईकडचा नोकर.

हा माणूस सात वर्षे तिच्याकडे होता. सगळी दुकाने त्याच्या ओळखीची. डिसेंबरात तो दुसऱ्या मोठ्या मसालेवाल्याकडे कामाला गेला होता. मी बाईला विचारले तेव्हा ती उसळली.

"तो नाही. आमच्याच वस्तीतला हाय तो. माह्या घरी जेवला. त्याच्या पुतण्याच्या नामकरणाले मी गेली होती."

"पुतण्याच्या?"

"मोठ्या भावाच्या पोराच्या. लाडका हाय त्याचा. खांद्यावरून उतरवत नाही."

मी तेवढे डायरीत टिपून घेतले. त्या वेळी त्याचा उपयोग काय होईल हे मला ठाऊक नव्हते.

त्याला ठाण्यात बोलावले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. स्वच्छ पायजमा, तेल लावलेले केस. त्याने निवांत चहा घेतला.

"मी कायले लिहीन साहेब? बाईचं मीठ खाल्लं मी."

"मग हस्ताक्षराचा नमुना देता?"

"देतो ना. मले काय भेव हाय?"

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, दोन ठेवून देऊ का? लवकर आटपते." मी नको म्हटले. मारून काढलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे कारण मी त्यांना दिले. खरे कारण दुसरे होते. ज्या तपासाची सुरुवात माझ्या चुकीने झाली होती, तो मला स्वच्छ करायचा होता.

पंचांसमोर त्याला कागद आणि टाक दिला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. आधी साधी वाक्ये. बाजार, मिरची, एस.टी.ची वेळ. अक्षर तो मुद्दाम बदलत होता. वेलांट्या लांब ओढत होता, हे मलाही दिसत होते. तज्ज्ञाकडे पाठवले तरी उत्तर कधी येईल कोण जाणे. हंगाम तर हातातून चालला होता.

मग मी कार्डातला मजकूर सांगू लागलो. "माझ्या धाकट्या भावाचा मुलगा वारला."

त्याने लिहिले. टाक कुठेही अडखळला नाही.

का ते सांगता येत नाही, पण मला बाईचे वाक्य आठवले. मोठ्या भावाचे पोर, खांद्यावरून उतरवत नाही. मी म्हणालो, "आता लिहा, माझ्या मोठ्या भावाचा मुलगा वारला."

टाक कागदावर टेकला आणि थांबला. शाईचा ठिपका पसरत गेला.

"लिहा."

"साहेब, हे नका लिहाले लावू."

"का? आत्ता तर लिहिलंत."

"मले पुतण्या हाय. जिवंत हाय. असं लिहू नये."

"आणि धाकट्या भावाला मुलगा नाही?"

त्याने वर पाहिले. "मले धाकटा भाऊच नाही," तो म्हणाला, आणि म्हणताना आपण काय बोललो हे त्याला कळले.

हवालदारांनी हातातला चहा खिडकीत ठेवला.

पुढच्या नोकरीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिले. खोटे मरण सांगायची वेळ आली की माणूस जो नातेवाईक नाही त्याला मारतो. रजा मागणारा शिपाई नसलेली मावशी मारतो. जो आहे त्याचे नाव मरणाजवळ न्यायला कोणी धजत नाही. या माणसाने सगळी हुशारी केली होती. कोपरा कापला, नाव लपवले, दवाखाना निवडला. फक्त आपल्या घरातल्या पोराला जपले. तेच त्याला नडले. त्याला दोष द्यायला माझ्यात बळ नव्हते. त्याचाही हात बदलला नव्हता, माझ्यासारखाच.

मग तो बोलत गेला. नव्या मालकाने सांगितले होते की जुनी दुकाने बरोबर आण. दुकानदार म्हणाले, सुपाचा मसाला आहे तोवर दुसरा नको. तेव्हा हे सुचले. सत्तावीस कार्डे त्याने घरी बसून लिहिली होती.

"शेवटचं वाक्यही तुमचंच?" मी विचारले. "मसाला कोणाच्या हातचा आहे ते पाकिटावर वाचा?"

"ते मले लिहाले सांगितलं."

"कोणी?"

त्याने मान हलवली. ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. मी त्या मोठ्या दुकानाच्या पायऱ्या चढलो, मालकाचा जबाब घेतला, थंडगार सरबत समोर आले ते प्यायलो नाही. पण पुरावा नव्हता. तो हात कागदावर कधी आला नाही, हे मला इथे कबूल केले पाहिजे.

"त्याच वस्तीत राहता तुम्ही," मी त्या माणसाला म्हणालो. "तुमच्या-माझ्यासारखंच आडनाव पाकिटावर आहे. लिहिताना काही वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "म्हणून ते वाक्य शेवटी लिहिलं."

प्रकरण कोर्टात गेले. बाईने तक्रार दाखल केली, आमचा अहवाल सोबत जोडला गेला. पहिल्याच तारखेला त्या माणसाने चूक मान्य केली. न्यायाधीशांनी बाईला विचारले, तडजोड करता का? वकील म्हणत होते, शिक्षा होऊ द्या. निरीक्षक साहेब मुद्दाम कोर्टात आले होते. तेही म्हणाले, "सोडू नका बाई."

बाई उभी राहिली. "याले जेलात टाकून माह्या मसाल्यावरचा डाग जाते काय? यानं सत्तावीस कार्डं लिहिली. सत्तावीस पुन्हा लिहावी. त्याच हातानं. खाली आपलं नाव लिहावं, पत्ता लिहावा. कोणी मेलं नाही हे लिहावं." मग ती म्हणाली, "आन् कोपरे शाबूत ठेवावे. लोकांनी फाडू नये म्हणून."

ती कार्डे ठाण्यातच लिहिली गेली, माझ्या टेबलावर, दोन दिवसांत. प्रत्येक कार्ड बाईने वाचून घेतले. तिसऱ्या कार्डात त्याने 'गैरसमज झाला' असे लिहिले होते. तिने ते परत केले. "गैरसमज नाही. खोटं लिहिलं, असं लिही." त्याने दुसरे लिहिले. निरीक्षक साहेब दारात येऊन थोडा वेळ बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "वो डायरी का पन्ना... राहू दे तसंच."

सगळे काही सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. माल परत करणाऱ्या दुकानांपैकी चौदांनी मसाला पुन्हा ठेवला. कुहीच्या दुकानदाराने पहिल्याच आठवड्यात माल मागवला आणि ते नवे कार्ड गल्ल्यामागे खिळ्याला लावले. मौद्यातला तो म्हातारा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की आईसुद्धा गेली. हंगाम अर्धा बुडाला. अकरा बायांपैकी दोघींना बुटीबोरीकडे शेतमजुरीला जावे लागले. पुढच्या वर्षी त्या परत आल्या. त्या वर्षी पाकीट नवे छापले होते. सूप थोडे लहान झाले होते आणि खालचे नाव मोठे.

त्या प्रकरणाने मला काय शिकवले, असे पुढे मी पोलीस प्रशिक्षण शाळेत शिकवत असताना मुलांनी मला विचारले आहे. मी त्यांना दोन गोष्टी सांगायचो. बातमी खरी आहे का, हे विचारण्याआधी मेलेल्याचे नाव विचारा. आणि हातून चूक झाली तर दैनंदिनीत लिहा, कोणी खोडायला सांगितले तरी. तिसरी गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण ती घरची आहे.

त्या घटनेनंतर आठ-नऊ वर्षांनी आई गेली. नातेवाइकांना कळवायचे होते. चुलतभावाने पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि सवयीने कात्रीही आणली. मी कात्री बाजूला ठेवली.

"कोपरा नाही कापणार?" त्याने विचारले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हणालो.

मी आईचे नाव पूर्ण लिहिले, आडनावासकट, आणि चारही कोपरे शाबूत ठेवून कार्डे टाकली. उमरेडची आत्या तेराव्या दिवशी आली ती रागावूनच. "साधं कार्ड समजून वाचलं मी. काळीज फाटलं माझं. कोपरा काहून कापला नाही गा?" मी तिच्या पाया पडलो फक्त.

मागच्या वर्षी तिच्या घरी गेलो होतो. आत्या आता नाही. तिच्या सुनेने ओसरीवर बसवले, चहा दिला. भिंतीवर तार होती, पिवळ्या पडलेल्या पत्रांनी भरलेली. मी सहज वरची पत्रे सरकवली, तर खाली माझे ते कार्ड निघाले. साधे कार्ड म्हणून ते कोणी फाडले नव्हते. माझ्या अक्षरातले आईचे पूर्ण नाव अजून त्या तारेवर आहे.